‘प्रिकेरिअस’ आणि ‘उपरी’ : एका विशेषणाचा मागोवा

इंग्रजीतील ‘प्रिकेरिअस’ हे विशेषण मराठीत आणावयाची वेळ आली म्हणजे भाषांतरकाराचा हात सहसा ‘अस्थिर’ ह्या शब्दाकडे जातो. वर्तमानपत्रांत त्याचे ‘डळमळीत’ किंवा ‘नाजूक’ होते, समाजशास्त्राच्या पुस्तकांत ‘अनिश्चित’ अथवा ‘असुरक्षित’. ह्यांपैकी कोणताही शब्द चुकीचा म्हणता येणार नाही. कड्याच्या टोकावर तोललेली शिळा, मंत्रिमंडळाचे बहुमत, रोग्याची प्रकृती, हातावर पोट असलेल्याची मिळकत ह्या सर्वांना इंग्रज हे एकच विशेषण लावतो, आणि मराठीत त्या त्या ठिकाणी त्या त्या जागेला साजेसा शब्द मिळतो. अडचण आहे ती निराळीच. ह्या विशेषणाच्या पोटात एक दुसरा माणूस दडलेला आहे, आणि ‘अस्थिर’ म्हणताच तो दिसेनासा होतो.

शब्द मूळचा लॅटिन. ‘प्रेकारी’ म्हणजे विनवणे, आर्जव करणे. प्रार्थनेला इंग्रजीत जो शब्द आहे तोही ह्याच कुळातला. रोमन कायद्यात ‘प्रेकारिउम’ नावाचा एक व्यवहार होता. एकाने विनंती करावी, दुसऱ्याने जमीन, घर अथवा एखादी वस्तू वापरावयास द्यावी, आणि देणाऱ्याच्या मनात असेल तोवर ती घेणाऱ्याकडे राहावी, असे त्याचे स्वरूप. त्यात देणाऱ्याला बांधून ठेवील असे काहीच नव्हते. वाटेल तेव्हा त्याने दिलेले परत घ्यावे. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ५३३ साली सिद्ध झालेल्या विधिसंग्रहात ह्या व्यवहारास स्वतंत्र प्रकरण असून, अल्पिअन ह्या विधिज्ञाने केलेली त्याची व्याख्या त्यात प्रारंभीच घातली आहे. ह्या व्यवहारातील एक बारकावा फार बोलका आहे. एखाद्या तिऱ्हाइताने जमीन बळकावू पाहिली तर रोमन न्यायाधिकारी घेणाऱ्याच्या पाठीशी उभा राही. परंतु खुद्द देणाऱ्याने त्याला बाहेर काढले तर मात्र त्याला दाद नसे. साऱ्या जगाविरुद्ध संरक्षण, आणि एका माणसाविरुद्ध मुळीच नाही! जमीन भक्कम होती, पीक भक्कम होते, कसणाराही धडधाकट होता. चंचलपणा होता तो दात्याच्या मनात.

सतराव्या शतकात इंग्रजीत शब्द आला तो हाच अर्थ घेऊन: दुसऱ्याच्या कृपेवर टिकून असलेला. पण त्याच शतकाच्या अखेरीस तो सैल होऊ लागला आणि ज्या ज्या गोष्टीचा भरवसा नाही ती ती गोष्ट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनचा कोश प्रसिद्ध झाला. त्यात ह्या शब्दाखाली कोशकाराची एक त्रासिक टीप आहे. ह्या शब्दाइतका अडाणीपणाने वापरला जाणारा दुसरा शब्द नाही, असे तो सांगतो. हवामानाला आणि फाशाच्या दानालाही लोक हे विशेषण लावतात, वस्तुत: परावलंबनामुळे येणारी अनिश्चितता एवढाच त्याचा अर्थ आहे, असा त्याचा आग्रह. जॉन्सनला हा भेद इतका का बोचावा, ह्याचे उत्तर त्याच वर्षात सापडते. कोश बाहेर पडण्यापूर्वी दोनच महिने, ७ फेब्रुवारीला, त्याने लॉर्ड चेस्टरफील्डला आपले प्रसिद्ध पत्र लिहिले आणि वर्षानुवर्षे दारात तिष्ठत ठेवून अखेरीस आलेली आश्रयदात्याची मेहेरबानी नाकारली. पाऊस पडेल की नाही हे ठाऊक नसणे आणि उमरावाचा दरवाजा उघडेल की नाही हे ठाऊक नसणे, ह्यांतले अंतर ज्याने अंगावर घेतले आहे त्यालाच असली टीप सुचते. भाषेने मात्र त्याचे ऐकले नाही. आज सर्वसाधारण इंग्रजी वाचकाला हा शब्द ऐकून कडा आणि दोर आठवतो, दाता आठवत नाही.

मराठीला अस्थिरतेच्या शब्दांची वाण कधीच नव्हती. जे संस्कृतातून आले त्यांत ‘चंचल’ सर्वांत जुना आणि मानाचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाची तक्रार मनाच्या चंचलपणाची आहे. तिच्यावरील ज्ञानेश्वरांच्या विवरणामुळे तो शब्द मराठी मनाच्या अगदी आतल्या घरात येऊन बसला. त्याच्या समोरासमोर दुसऱ्या अध्यायातला ‘स्थितप्रज्ञ’. लक्ष्मीही चंचला. बोलीत पाहावे तर पाया डळमळतो, नाव डगमगते, पाय लटपटतात, खुंटी ढिली होते. कोणाचे चित्त तळ्यात-मळ्यात करते, कोणाचे वैभव आळवावरचे पाणी ठरते. ही सारी शब्दसंपत्ती न्याहाळली असता एक गोष्ट लक्षात येते. अस्थिरता येथे एकतर वस्तूच्या अंगी असते, नाहीतर मनाच्या, नाहीतर दैवाच्या. तिच्यावर उपाय असेल तर तो पाया भरण्याचा, मन आवरण्याचा किंवा विरक्तीचा. ज्याची जागा दुसऱ्याच्या मनावर अवलंबून आहे त्या माणसासाठी अध्यात्मात आणि काव्यात मुरलेल्या ह्या शब्दांत ठिकाण नाही, आणि ते असावे अशी अपेक्षाही करता येत नाही. तो शब्द शोधावयाचा तर देवघर सोडून चावडीवर गेले पाहिजे.

मराठी मुलखाच्या चावडीवर रयतेचे दोन वर्ग होते: मिरासदार आणि उपरी. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था पाहणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात ह्या भेदाची दखल घेतली आहे. ‘मिरास’ हा अरबी शब्द; त्याचा अर्थ वारसा, आणि आपला ‘वारस’ही त्याच धातूपासून झालेला. मिरासदार सरकारचा धारा भरी तोवर त्याच्या जमिनीला कोणी हात लावू शकत नसे. त्याला ती विकता येई, गहाण ठेवता येई. तो परागंदा झाला तरी बऱ्याच वर्षांनी परत येऊन आपल्या थळावर हक्क सांगू शके. गावच्या मानपानात आणि पंचायतीत त्याला जागा होती. उपरी हा बाहेरून आलेला. तो पाटलाकडून कौलाने जमीन घेई, बहुधा वर्षाच्या अथवा थोड्या वर्षांच्या बोलीने. मुदत सरली की त्याचे त्या जमिनीशी नाते सरे. पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसूनही तो उपरीच राहू शके. रोमन कायद्याशी ह्या व्यवहाराची तंतोतंत जुळणी होत नाही, कारण उपरी धारा देत होता आणि कौलात मुदतही असे. परंतु ‘उपरी’ ह्या शब्दाने मनुष्याच्या स्वभावाविषयी किंवा जमिनीच्या पोताविषयी काहीच सांगितले जात नाही, सांगितले जाते ते त्याच्या आणि जमीन देणाऱ्याच्या नात्याविषयी, एवढे साम्य पक्के आहे.

येथे घाईने उपऱ्याचे करुण चित्र रंगविण्याचा मोह टाळला पाहिजे. त्या काळी जमीन उदंड होती, कसणारे हात थोडे. ओसाड पडलेल्या गावठाणात वस्ती करावयाची तर पाटलाला उपऱ्याची मनधरणी करावी लागे, आणि त्याला सवलतीच्या दराने कौल द्यावा लागे. मिरासदाराचा धारा पुष्कळदा उपऱ्याहून जड असे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत महसुलाचे मक्ते दिले जाऊ लागले, तेव्हा मक्तेदाराच्या जाचातून उठून जाण्याची मोकळीक उपऱ्यालाच अधिक होती. मिरासदार आपल्या मिरासीला बांधलेला. म्हणजे विनंती कोणी कोणाला करावयाची हे त्या वर्षी माणसे दुर्मीळ आहेत की जमीन, ह्यावर ठरत असे. असे असूनही मिरासीची ओढ कमी झाली नाही. तुकोबांसारख्या संताला परमार्थातही ‘मिरासी’ हा शब्द हवासा वाटला, ह्यावरून ती ओढ किती खोल होती ते कळते. मागून मिळालेले आणि आपले असलेले ह्यांतील फरक त्या एका शब्दात सामावला होता.

इंग्रजी अमलात हा भेद मोडला. गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी आणि आकारणी सुरू केली, तिला मिरासदार आणि उपरी हा फरक अडचणीचाच होता. धारा भरील तो खातेदार, आणि खातेदाराचा हक्क सारखा, हे तत्त्व पुढे १८६५ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने कायम केले. उपऱ्याला एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी मिरासदाराच्या पंक्तीला बसविले गेले. ह्याचा आनंद कोणाला किती झाला हा वेगळा प्रश्न आहे. जमीन विकाऊ झाली तशी ती सावकाराच्या वहीत गेली, आणि १८७५ चे पुणे-नगरकडील दंगे व १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा ही त्यानंतरची गोष्ट. पूर्वी पाटलाच्या मर्जीवर असलेला आता सावकाराच्या सबुरीवर आला. मग त्या स्थितीला ‘कूळ’ हा दुसरा शब्द चिकटला, १९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना आली, १९४८ चा कूळकायदा झाला आणि त्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ पासून कूळ जमिनीचे मालक ठरावयास लागले. महसुलाच्या दप्तरातून ‘उपरी’ बाहेर पडला. बोलीत मात्र ‘उपरा’ राहिला. त्याच्यातून जमीन गळून गेली आणि परकेपणा तेवढा उरला.

मराठी महसुलाचा आणखी एक मुलूख ह्या संदर्भात पाहण्याजोगा आहे, आणि त्याच्याकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सुभेदार आले. मधली काही वर्षे इंग्रजांची देखरेख होऊन १८५४ मध्ये नागपूरबरोबर हाही प्रांत खालसा झाला. मोडी दप्तर आणि मराठी कारकून ह्या मुलखात त्याच काळात पोचले. येथील शेतजमिनीची तऱ्हा देशावरच्यापेक्षा निराळी होती. कित्येक गावांत ‘लाखाबाटा’ नावाची चाल होती. ठराविक काळाने गावच्या जमिनीची कसणाऱ्यांत पुन्हा वाटणी होई. आपले म्हणून एकच शेत जन्मभर कसावे ही मिरासी कल्पना तेथे रुजलेली नव्हती. गावाचा प्रमुख ‘गौंटिया’. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात ह्या गौंटियांपैकी पुष्कळांना मालगुजार म्हणजे गावाचे मालक करून टाकले, आणि कसणाऱ्यांतील काहींना ‘मौरूसी’ हक्क दिले. ‘मौरूसी’ आणि ‘मिरास’ हे शब्द एकाच अरबी धातूचे. पुण्याकडे ज्या धातूने शेतकऱ्याला गावचा बरोबरीचा वाटेकरी केले होते, त्याच धातूने येथे त्याला मालकाखालचा एक सुरक्षित भाडेकरी केले. मालगुजारी नष्ट झाली ती मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने, १९५१ पासून.

ह्याच मुलखातून, बिलासपूरकडील पेंड्रा येथून, माधवराव सप्रे ह्यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. सप्रे घरचे मराठी. दासबोध आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे. अर्थशास्त्राची हिंदी परिभाषा घडविण्याच्या कामातही त्यांचा हात होता. शब्दांची पारख असलेल्या ह्या संपादकाने १९०१ मध्ये आपल्या मासिकात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी कथा लिहिली. हिंदीतील पहिली कथा कोणती, ह्या वादात तिचे नाव नेहमी घेतले जाते, आणि त्या वादाच्या धुरळ्यात कथेत काय आहे हे पाहावयाचे राहून जाते.

कथा अशी. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका गरीब विधवेची झोपडी आहे. वाड्याचे आवार वाढवावयाचे म्हणून ती त्याला हवी आहे. बाई हटत नाही. तिचा नवरा आणि एकुलता मुलगा तेथेच गेलेला. जमीनदार वकिलांच्या मदतीने न्यायालयातून झोपडीचा कबजा मिळवितो आणि तिला बाहेर काढतो. काही दिवसांनी ती टोपली घेऊन येते: नात अन्नाला शिवत नाही, आपल्या घरी चल म्हणते, तेथली माती नेऊन चूल घातली तर ती जेवील, तेवढी माती न्यावयाची परवानगी द्यावी. परवानगी मिळते. मग ती टोपलीला हात लावण्याची विनंती करते. जमीनदाराला टोपली उचलत नाही. एक टोपली उचलत नाही तर ह्या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहाल, एवढे ती विचारते. जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि तो झोपडी परत करतो.

हिला बोधकथा म्हणून सोडून देणे सोपे आहे. हृदयपरिवर्तनाचा शेवट आजच्या वाचकाला भाबडा वाटावा, हेही साहजिक. परंतु कथेची मांडणी लक्षपूर्वक पाहिली म्हणजे दिसते की तिच्यात विनंतीवाचून काही घडतच नाही. माती हवी, विनंती. टोपलीला हात हवा, विनंती. कायदा जमीनदाराच्या बाजूचा आहे आणि तो एकदा बोलून गप्प बसला आहे. शेवटी झोपडी परत येते तीही हक्काने येत नाही, जमीनदाराचे मन पालटले म्हणून येते. उद्या ते पुन्हा पालटणार नाही ह्याची हमी कथेत कोठेही नाही. सप्रे ह्यांनी जाणून हे केले की अजाणता, ह्याची चर्चा निष्फळ आहे. मालगुजारीच्या प्रदेशात बसून लिहिणाऱ्याच्या हातून झोपडीचे जे चित्र उतरले त्यात रोमन विधिज्ञांचा ‘प्रेकारिउम’ जसाच्या तसा आहे: विनवून मागितलेले, आणि देणाऱ्याच्या मनात असेल तोवर टिकणारे. ह्या विधवेचे जीवन ‘अस्थिर’ होते असे एखाद्या समीक्षकाने लिहिले तर जमीनदार कथेतून सुटून जातो. खरे म्हणजे कथेतली सर्वांत स्थिर व्यक्ती तीच आहे.

पेंड्रा बिलासपूरच्या उत्तरेस. भिलाई दक्षिणेस, दुर्गच्या शेजारी. दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये वेगळा झाला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर आणि राजभाषा हिंदी व मराठी अशा दोन. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईच्या पोलाद कारखान्याचा निर्णय झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्यासाठी आणि नगरासाठी आसपासच्या खेड्यांची भातशेती संपादन झाली. लाखाबाटा, गौंटिया, मौरूसी ही सारी शब्दावली त्या मातीबरोबर गेली आणि तिच्या जागी एक नवा शब्द आला, ‘पर्मनंट’.

जॉनथन पॅरी ह्या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १९९० नंतरच्या दशकांत भिलाईत प्रदीर्घ क्षेत्रकार्य केले. त्याचा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या विवेचनाचा कणा दोन साध्या हिंदी शब्दांवर उभा आहे, ‘नौकरी’ आणि ‘काम’. नौकरी म्हणजे कारखान्याच्या पटावरची, पगार, रजा, निवृत्तिलाभ आणि क्वार्टर ह्यांसह मिळणारी. काम म्हणजे ठेकेदाराकडचे किंवा रोजाने मिळेल ते. एकाच भट्टीसमोर दोघे उभे असतात, धग सारखीच लागते, परंतु घराची, मुलांच्या शिक्षणाची, लग्नसंबंधांची दोन जगे ह्या दोन शब्दांनी वेगळी होतात. ह्या जागी ‘प्रिकेरिअस’ हा शब्द इंग्रजी समाजशास्त्रात आपला हरवलेला अर्थ घेऊन परत आला आहे. त्याची ही वाट फ्रेंचमधून आली: पिएर बोर्द्यू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अल्जीरियातील श्रमिकांवर १९६३ मध्ये जो ग्रंथ काढला त्यात कायम कामगार आणि हंगामी मजूर ह्यांतील दरीसाठी ह्याच शब्दाचे नामरूप योजिले होते, पुढे २०११ मध्ये गाय स्टँडिंगने त्यापासून एका नव्या वर्गाचे नाव बनविले. जॉन्सनला ही व्युत्पत्तीची परतफेड आवडली असती.

कायम कामगाराची गोष्टही पुरती कायम नसते, हे भिलाईच्या घरांवरून दिसते. सेक्टरांतील क्वार्टर सेवेबरोबर मिळे आणि सेवेबरोबर सुटे. काही घरे पुढे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली गेली, तो अपवाद. म्हणून निवृत्ती जवळ आली की माणूस सेक्टराबाहेर जागा शोधू लागे. ग्रेट ईस्टर्न रस्त्याच्या कडेची नेहरू नगर ही वसाहत अशा शोधाच्या वाटेवरची. सेक्टरांच्या क्रमांकांत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या मनुष्याने अखेर फाटकावर स्वत:चे नाव कोरलेली दगडी पाटी लावणे, ह्यामागची भावना मिरासीच्या ओढीपेक्षा फार निराळी मानण्याचे कारण नाही. नगराला नाव मात्र ज्याचे दिले आहे त्या पंतप्रधानाच्या स्वप्नात कारखाना आणि घर ही दोन्ही सार्वजनिक होती. हा विरोधाभास नेहरू नगरात राहणाऱ्या कोणालाच खटकत नसावा, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

‘काम’ करणाऱ्यांची गोष्ट त्याच रस्त्यावर, पण पलीकडे घडली. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत ठेकेदारी मजुरांची संघटना १९७७ मध्ये उभी राहिली. तिचे नेते शंकर गुहा नियोगी एके काळी ह्याच कारखान्याच्या कोक भट्टीवर काम केलेले. पुढे भिलाईच्या खासगी उद्योगांतील ठेका मजुरांना कायम करावे आणि जगण्यापुरते वेतन द्यावे ही मागणी घेऊन ते उभे राहिले असता २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झोपेत त्यांचा खून झाला. १ जुलै १९९२ रोजी लोहमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक बळी पडले. ‘कायम’ ह्या एका विशेषणासाठी इतकी किंमत मोजली गेली असताना, त्याच्या विरुद्ध टोकाला असलेल्या विशेषणाचे भाषांतर सैल करून भागणार नाही.

मराठी कामगाराने ह्या विशेषणाला स्वत:चा शब्द पूर्वीच दिला होता. मुंबईच्या गिरण्यांत गैरहजर माणसाच्या जागी ज्याला त्या दिवसापुरते घेतले जाई तो ‘बदली’. सकाळी फाटकाशी उभे राहावयाचे आणि मुकादमाची नजर आपल्यावर पडेल की नाही ते पाहावयाचे. मुकादमाच्या ह्या मर्जीला आळा घालण्यासाठी गिरणीमालकांच्या संघाने १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना सुरू केली. ‘बदली’ शब्द इतका नेमका होता की इंग्रजीला त्याला पर्याय सापडला नाही. औद्योगिक नोकरीच्या १९४६ च्या कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांत आणि १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात तो तसाच इंग्रजी वाक्यात बसविला गेला. वर्षभरात २४० दिवस भरले की सलग सेवेचे हक्क लागू होतात, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ देण्याची क्लृप्ती निघाली. वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित प्रथा होय, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने लिहून ठेवले. उलट, भिलाई ज्या महामंडळाची आहे त्याच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असा निर्णय दिला की ठेका पद्धत बंद झाली म्हणून ठेका मजूर आपोआप मूळ मालकाचे कामगार होत नाहीत.

ह्यात एक भाषिक गंमत आहे. ‘कायम’ हा शब्द अरबी आणि त्याचा मूळ अर्थ ‘उभा’; ‘स्थायी’ संस्कृत आणि त्याचाही अर्थ ‘उभा राहणारा’. १९६० नंतर शासनव्यवहाराची मराठी घडविताना ‘स्थायी’ आणि ‘अस्थायी’ ही जोडी रूढ झाली. ‘अस्थायी पद’ म्हटले की दोष पदाकडे जातो, जणू ते पद स्वभावत:च नाशिवंत आहे. ‘बदली’ म्हटले की मुकादम दिसतो. फाटकाशी उभे राहूनही ‘उभा’ ह्या विशेषणाला पारखा असलेला माणूस दुसऱ्या शब्दात दिसतो, पहिल्यात दिसत नाही.

भिलाईहून जवळच राजनांदगाव. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ मध्ये गजानन माधव मुक्तिबोध अध्यापक म्हणून आले. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहिणारे. उज्जैन, शुजालपूर, वाराणसी, जबलपूर, नागपूर, शिक्षकी, मासिक, आकाशवाणी, साप्ताहिक, अशी बिऱ्हाडे करीत आलेल्या ह्या कवीला राजनांदगावात प्रथमच काहीशी निश्चिंतता लाभली. १९६२ मध्ये त्यांच्या भारतीय इतिहास व संस्कृतीवरील पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले. पहिला काव्यसंग्रह त्यानंतर निघाला. त्यांच्या कवितेतील अस्वस्थतेचा उगम समीक्षक मनाच्या द्वंद्वात शोधतात, आणि ते द्वंद्व खरेच आहे. परंतु नोकरी देणारे आणि पुस्तक मान्य करणारे हात दुसऱ्यांचे असताना लिहिणाऱ्याच्या मनात जी धास्ती राहते तिला ‘चंचल मन’ ह्या जुन्या घरात बसविणे हा तिच्यावर अन्याय होईल.

तोच अन्याय लक्ष्मण माने ह्यांच्या ‘उपरा’ ह्या आत्मकथनावर होत आला आहे. १९८० मध्ये ते प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले, आणि त्याच्यावरील लेखनात ‘भटके, अस्थिर जीवन’ हे शब्द सवयीने येत राहिले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हणही सोबतीला असतेच. कैकाड्यांचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होते हे खरे. पण पाल कोठे पडावयाचे आणि किती दिवस, हे गाढवाच्या स्वभावावर ठरत नव्हते, गावाच्या परवानगीवर ठरत होते. मान्यांनी शीर्षकासाठी जो शब्द उचलला तो ह्यासाठीच अचूक ठरला. कौल देणारा पाटील आणि कौल मागणारा परगावचा माणूस ही दीड-दोनशे वर्षांपूर्वीची जोडी त्या एका शब्दात शाबूत राहिली आहे. महसूल खात्याने टाकून दिलेला शब्द टोपल्या विणणाऱ्यांच्या घरातून साहित्यात परत आला. इंग्रजी समाजशास्त्रातील नव्या ग्रंथांचे मराठी भाषांतर करणाऱ्यांना ‘अस्थिर’ वापरण्यापूर्वी हा शब्द, आणि त्याच्या जोडीने ‘बदली’ व ‘मर्जीवरचा’ हे शब्द, हाताशी घेऊन पाहता येतील. प्रत्येक वाक्यात ते बसणार नाहीत. कड्यावरच्या शिळेला कोणी उपरी म्हणणार नाही. तिच्यासाठी ‘डळमळीत’ आहेच. परंतु भिलाईच्या फाटकातून आत जाणाऱ्या ठेका मजुराच्या खिशात मुदतीचा पास असतो, त्याच्यावर एक तारीख असते, आणि ती पुढे ढकलावयाची की नाही हे दुसरेच कोणी ठरवीत असते. त्या पासाला मराठीत काय म्हणावयाचे, हा प्रश्न भाषांतरकाराच्या मेजावर आहे.